त्या पुलाचं काय झालं

रबाळ्याला झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस.
पंख्यावर स्टिकर, कपाटावर स्टिकर,
चहाच्या किटलीवरसुद्धा:
एका लांबच्या देशाच्या जनतेकडून.
खाली त्यांच्या कायद्याचं कलम, आकडा, साल.
त्या कलमाचा पगार मी सहा वर्षं खाल्ला,
घणसोलीच्या वन रूम किचनचे हप्ते त्यातूनच गेले,
आणि सासूबाई अजून विचारतात,
हे लोक तुला देतात ते नेमके कशाचे गं?

एका वाक्यात सांगता नाही आलं कधी.

इलठणपाड्याच्या वरच्या खाणीत सुरुंग उडाला
तेव्हा हणमंता धोत्रे खाली होता.
पंचनाम्यात लिहिलं: पाय घसरून.
यल्लूबाईनं कागद उलटा धरला, सुलटा धरला,
म्हणाली, घसरायला तिथं काय साबण होता?
तिच्या या एका ओळीचं मी
सतरा पानी इंग्रजी केलं.
मानवी हक्क.
तिच्या वडारी बोलीत याला काय म्हणतात
मी विचारलं नाही.
तिचं मागणं तेव्हा एवढंच होतं:
मुकादमाकडे राहिलेली नऊ दिवसांची हजेरी.

मार्चमध्ये ते कलम तिकडच्या संसदेत पुन्हा मताला आलं.
भाषणं मेलवर आली, तीन पानं माझ्या वाट्याला.
एक सभासद, ज्याचं आडनाव मला उच्चारता येत नाही,
उभा राहून म्हणाला
(पदरचं काही न घालता लिहिते):
माझ्या गावचा पूल अकरा वर्षं बंद आहे.
शाळेची बस चौदा मैलांचा वळसा घेते, अँब्युलन्सही.
आणि आपण पैसे पाठवतो
कुठल्याशा डोंगराखाली, जिथं बायका दगड फोडतात.

तो ओरडत नव्हता.
मी रागवायचं ठरवून बसले होते,
पण चौदा मैल लिहिताना हात अडखळला.
आमच्या नाल्यावरचा साकवही
तीन निवडणुका नुसते नारळ खातोय.

कलम पडलं. नऊ मतांनी.

शनिवारी दोघं आले यादी घेऊन.
पंखा मोजला, कपाट मोजलं,
किटली सोडून दिली, तिची किंमत संपली होती म्हणे.
स्टिकर नखानं खरवडले.
गोंद राहिला,
आणि दुपारी खाणीवरून खाली येते ती धूळ
नेमकी त्या चौकोनात बसली.

यल्लूबाईला सगळं सांगितलं.
भाषणही वाचून दाखवलं, का कोण जाणे.
तिनं मिसरीचं बोट फडक्याला पुसलं.
मग? त्यांचा पूल झाला का?
माहीत नाही.
विचार की. मेल का काय ते टाक.
थोड्या वेळानं परत:
खडी धुतलेली घ्या म्हणावं.
धुळीवर सिमेट धरत न्हाई.
आपलं पैसं गेल्यात त्यात.

मी खरंच लिहिलं त्या रात्री.
विषयाच्या चौकटीत: त्या पुलाचं काय झालं.
खाली यल्लूबाईचा खडीचा निरोप.
उत्तर नाही आलं.

चौदा तारखेला ठाण्याच्या कोर्टात तारीख होती.
वकिलांनी या वेळी फी घेतली नाही,
पुढच्या वेळचं बघू म्हणाले.
तिकिटं मी काढली, भाकरी तिनं बांधली, दोघींची.
मांडीवर फाईल. तिच्या आतल्या बाजूला
एक स्टिकर राहून गेलाय,
मोजणाऱ्यांनी उघडून पाहिलंच नाही.

कळव्याच्या पुलावर बस अडकली.
खाली खाडी, भरतीची, काळी.
यल्लूबाईनं चपलेतून पाय काढला,
बसच्या पत्र्यावर टाच दाबून
हलतंय का ते बघितलं.
इथं आमची हाय, म्हणाली,
आणि बस सुटेपर्यंत
पाय तसाच ठेवला.